एअरबॅगला भोकं कशासाठी?

अपघातात गाडीच्या स्टिअरिंगमधून जी पांढरी पिशवी बाहेर येते, तिच्या मागच्या बाजूला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात पिशवी फुगवायची, त्यासाठी स्टिअरिंगमध्ये चक्क स्फोटकासारखं रसायन भरायचं, आणि माणसाचं डोकं टेकतं न टेकतं तोच सगळा वायू सोडून द्यायचा. सोडायचाच होता तर भरला कशाला?

आधी एक हिशेब करू. शाळेतलं भौतिकशास्त्र विसरलेल्यांनाही तो जमेल. पडणाऱ्या वस्तूला थांबताना किती जोराचा गचका बसतो? पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. येणारा आकडा ‘जी’मध्ये असतो, १ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. एक मीटरवरून फोन पडला आणि २ सेंटिमीटरच्या मऊ थरात थांबला, तर ५० जी. तोच फोन नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असेल आणि पुठ्ठा २ मिलिमीटरच दबला, तर ५०० जी. (वेग एकसारखा कमी होतो असं इथे धरलंय. प्रत्यक्षात काही क्षणी गचका याहून मोठा असतो, पण अंदाज यायला एवढं पुरे.)

आता गाडी. ताशी ५० किलोमीटरने जाणं म्हणजे वेगाच्या हिशेबात सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून पडणं. गाडी भिंतीला धडकते, पुढचा भाग चुरगळतो, गाडी थांबते. बेल्ट न लावलेला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि त्याचं डोकं स्टिअरिंगवर जेमतेम ५ सेंटिमीटरमध्ये थांबतं. १० भागिले ०.०५ म्हणजे २०० जी. हेच अंतर ३० सेंटिमीटर मिळालं तर गचका ३३ जीवर येतो. एअरबॅगचं काम एवढंच: पाचाचे तीस करणं.

पण अंतर तर कुठलीही फुगलेली पिशवी देईल, भोकाचं काय? जत्रेत मुलांसाठी हवेचं जंपिंग लावलेलं असतं. पोरगं उडी मारतं आणि तितक्याच जोराने वर फेकलं जातं. बंद हवा दाबली की स्प्रिंग होते. घेतलेली सगळी ऊर्जा ती परत करते. डोकं ताशी ५०च्या वेगाने अशा बंद पिशवीवर आदळलं तर पिशवी त्याला मागे फेकेल, आणि मोजायला लागेल ते मानेला. भोकामुळे दाबला गेलेला वायू बाहेर निसटतो आणि आदळण्याची ऊर्जा बरोबर घेऊन जातो. थोडक्यात, खरं यंत्र भोक आहे आणि पिशवी त्याच्याभोवतीचं कापड. भोकं किती मोठी ठेवायची यावर अभियंते कितीतरी काळ डोकं खपवतात ते यासाठी. लहान ठेवली तर पिशवी टणक होते. मोठी ठेवली तर ती डोकं थांबवायच्या आधीच बसते आणि मागचं स्टिअरिंग लागतंच.

याला एक अपवाद आहे. खिडकीवरून पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग शक्य तितकी हवाबंद ठेवतात. समोरची धडक सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते, पण गाडी उलटायला लागली की कोलांट्या कित्येक सेकंद चालतात. तेवढा वेळ पडद्याला फुगून राहावंच लागतं.

आता वेळेचं गणित, कारण खरी अडचण तिथे आहे. धडकेच्या पहिल्या १५-२० मिलिसेकंदांत गाडीने ठरवायचं की हा अपघातच आहे. पुढच्या ३० मिलिसेकंदांत पिशवी भरून तयार. तोवर माणसाची छाती जेमतेम पुढे यायला लागलेली असते. डोळ्याची पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ जातो. अपघातातून वाचलेली माणसं ‘एअरबॅग उघडलेली दिसलीच नाही’ असं सांगतात, त्यात नवल नाही.

ठरवणारा सेन्सर आज सिलिकॉनची चिप असतो. आत डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म वजन सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेलं. गचका मोजणं त्याला सोपं आहे. अवघड आहे ते खड्डा आणि अपघात यांतला फरक ओळखणं, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ही काही पुस्तकी अडचण नाही. खड्ड्याचा धक्का जोरदार पण क्षणाचा असतो; धडकेत वेग उतरतच राहतो. त्यामुळे संगणक एका क्षणाच्या आकड्यावर भरवसा न ठेवता वेग किती घटत चाललाय याची बेरीज करत राहतो. समोरच्या पक्क्या भिंतीवर आदळण्याच्या हिशेबात बोलायचं तर बेल्ट न लावलेल्यासाठी साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटरला आणि बेल्ट लावलेल्यासाठी २६च्या आसपास पिशवी उघडावी, असा अमेरिकी गाड्यांचा सर्वसाधारण प्रघात आहे. गाडीपुढे बसवलेल्या लोखंडी क्रॅश गार्डमुळे हीच बेरीज चुकू शकते, कारण धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी पोहोचतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये असे गार्ड बेकायदा ठरवले. तरी ते दिसतातच.

निर्णय झाला की ठिणगी. सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड असायचं. ते साधारण ३०० अंश सेल्सिअसला फुटतं आणि त्यातून शुद्ध नायट्रोजन निघतो. १३० ग्रॅम अझाइडमधून खोलीच्या तापमानाला सत्तरेक लिटर वायू मिळतो, म्हणजे मूठभर गोळ्यांत एक मोठी पिशवी. मागे उरणारा सोडियम धातू घातक, म्हणून त्याला काचेसारख्या निरुपद्रवी पदार्थात बदलायला आणखी दोन रसायनं सोबत असतात. अझाइड स्वतः विषारी असल्याने नव्वदच्या दशकापासून उत्पादक दुसऱ्या रसायनांकडे वळले. एअरबॅग उघडल्यावर गाडीत धूर दिसतो आणि लोक आग लागली म्हणून घाबरतात. त्यातला बराचसा भाग घडी सुटी व्हावी म्हणून लावलेल्या टाल्कम किंवा मक्याच्या पिठाची पूड असतो.

या रसायनाची कल्पना मूळ संशोधकाकडे नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या न्यूपोर्टचे जॉन हेट्रिक १९५२मध्ये पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह फिरायला निघाले होते. रस्त्यातला दगड चुकवताना गाडी चरात गेली. ब्रेक दाबताना दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले. घरी येताना हेट्रिक यांना नौदलातला एक प्रसंग आठवला: टॉर्पेडोची दुरुस्ती चालू असताना त्यातली दाबलेली हवा अचानक सुटली आणि त्यावरचं कॅनव्हासचं आवरण क्षणात छताकडे उडालं. १८ ऑगस्ट १९५३ला त्यांना पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनी जवळपास तीच कल्पना त्याच सुमारास मांडली होती. दोघांचीही भिस्त दाबलेल्या हवेवर. ती नळीतून पिशवीत पोहोचेपर्यंत अपघात उरकलेला असतो, आणि अपघात झालाय हे ओळखणारं भरवशाचं यंत्रही तेव्हा नव्हतं. मोटार कंपन्यांनी लक्ष दिलं नाही. पेटंटची तेव्हाची मुदत १७ वर्षांची; ती १९७०मध्ये संपली आणि ग्राहकांना विकलेली पहिली एअरबॅगवाली गाडी, ओल्डस्मोबाइल टोरोनाडो, १९७३मध्ये आली. हेट्रिक यांच्या हाती काही पडलं नाही.

मधल्या काळात ॲलन ब्रीड यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सेन्सर बनवला, आणि तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. नळीत एक पोलादी गोळी, मागे एक चुंबक. साध्या ब्रेकने गोळी चुंबक सोडत नाही. जोराच्या धडकेत ती सुटते, नळीतून पुढे जाते आणि दोन तारा जोडते. संगणक नाही, काही नाही. वायू बाहेर सोडून पिशवीचा टणकपणा कमी करण्याच्या रचनेवरही ब्रीड यांनी पुढे काम केलं.

ही भोकं आणि हा जोर यांचं गणित चुकलं तर काय होतं, हे अमेरिकेने नव्वदच्या दशकात पाहिलं. तिथले बरेच लोक बेल्ट लावत नसत. म्हणून बेल्ट न लावलेल्या पुरुषी बांध्याच्या बाहुल्यालाही वाचवेल एवढी ताकदवान पिशवी हवी, अशी चाचणी नियमात होती. त्या जोराची पिशवी, जी ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर येते, पुढे बसलेल्या लहान मुलावर किंवा स्टिअरिंगला खेटून बसलेल्या बुटक्या बाईवर आदळायची. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत खुद्द एअरबॅगमुळे २९०हून अधिक मृत्यू झाले. जवळपास नव्वद टक्के १९९८पूर्वी बनलेल्या गाड्यांत, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त मृतांनी बेल्ट लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता. मग जोर कमी केला, दोन टप्प्यांत फुगणाऱ्या पिशव्या आल्या, सीटखाली वजन मोजणारे सेन्सर आले. २०१७पर्यंत समोरच्या एअरबॅगने अमेरिकेत ५० हजारांहून अधिक जीव वाचवल्याचा तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे, तेव्हा पारडं कुठे झुकतं ते उघड आहे. पण नियम बनवणाऱ्यांनी बेल्टचा प्रश्न पिशवीच्या जोराने सोडवायला जाणं ही सरळ सरळ चूक होती.

स्टिअरिंगवर एसआरएस अशी अक्षरं असतात, ती पूरक यंत्रणा या अर्थी. पूरक कशाला? बेल्टला. बेल्ट माणसाला गाडीशी बांधतो, त्यामुळे बॉनेट चुरगळताना मिळणारं अर्धा-पाऊण मीटर अंतरही त्याच्या वाट्याला येतं. पिशवी त्यात शेवटची भर घालते. भारतात चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशासाठी २०२१मध्ये. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघेही बेल्टशिवाय होते आणि दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यानंतर सहा एअरबॅगची चर्चा जोरात झाली. सरकारने सक्ती ऑक्टोबर २०२३वर ढकलली आणि मग ती करणार नसल्याचं सांगितलं. दरम्यान बेल्टची घंटी गप्प करणारी धातूची क्लिप घरपोच मिळत होती. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच विक्री संकेतस्थळांना ती काढायला लावली. १३ हजारांहून अधिक जाहिराती उतरल्या. क्लिपचं पार्सल फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येत असेल, तर क्लिपची काळजी जास्त घेतली गेली म्हणायची.

जाता जाता: शेजारच्या सीटपुढे डॅशबोर्डवर बाप्पा चिकटवला असेल तर तो जागेवरून हलवा. पिशवी नेमकी त्याच झाकणातून येते आणि मूर्ती सरळ तोंडावर येऊ शकते. पाय वर ठेवून बसणंही तिथेच नको. स्टिअरिंग आणि छाती यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि मागे तोंड करून ठेवायचं तान्ह्या बाळाचं आसन चालू एअरबॅगपुढे कधीच ठेवायचं नाही.

रसायनाची गोष्ट अर्धी राहिली. अझाइड सोडल्यावर जपानच्या टाकाटा कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरलं; ते स्वस्त होतं. पण त्याला ओल लागते आणि ऊन-गारव्याच्या फेऱ्यांत त्याची स्फटिकरचना बदलत राहते. ओल शोषणारा पदार्थ सोबत नसलेल्या इन्फ्लेटरांमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या रसायनाच्या डब्यांमध्ये, वर्षांनुवर्षांत गोळ्या भुसभुशीत झाल्या. भुसभुशीत गोळी ठरल्यापेक्षा फार लवकर जळते, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. जून २०१७मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सर्वांत धोक्याचे ठरले उष्ण आणि दमट प्रदेश: फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, मलेशिया. कोकण, मुंबई, गोव्याची हवा याच जातकुळीतली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी गाड्या परत बोलावून इन्फ्लेटर फुकट बदलून दिले. जुनी गाडी विकत घेताना चासी नंबर टाकून हे तपासता येतं आणि तपासावं.

आता पार्सलकडे वळू, कारण तिथे हीच पिशवी उलट्या नियमाने चालते. फुग्याचं प्लास्टिक, म्हणजे बबल रॅप, १९५७मध्ये न्यू जर्सीतल्या हॉथॉर्नमध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी बनवलं, तेही भिंतीला लावायचा उठावदार कागद करायला जाऊन. बाथरूमचे दोन पडदे एकमेकांना चिकटवताना मधे हवा अडकली. भिंतीवर कुणाला ते नको होतं. आयबीएमने आपला १४०१ संगणक पाठवायला ते वापरलं तेव्हा त्याचा खरा उपयोग कळला. या फुग्यांना भोक नाही आणि नसायलाच हवं. गाडीची पिशवी जन्मात एकदाच काम करते. पार्सल गोदामातून दारापर्यंत कितीदा आपटेल याचा नेम नाही; पहिल्या आपटीत हवा गेली तर पुढच्या आपटीला उरलं काय? उसळी बसली तर बसू दे, कपबशीला मान नसते.

पार्सल भरणाऱ्याला आणखी एक सोय असते: आत काय आहे आणि त्याचं वजन किती, हे त्याला माहीत असतं. जड वस्तूखाली बारीक फुगे दिले तर ते पूर्ण चेपतात आणि शेवटचा फटका जमिनीचाच बसतो. हलक्या वस्तूखाली टणक फुगे दिले तर ते दबतच नाहीत, म्हणजे अंतरच मिळत नाही. गाडीला सीटवर कोण बसेल हे आधी ठाऊक नसतं, म्हणून तिला ते वजनाचे सेन्सर आणि दोन टप्पे लागतात. आपल्याकडे मात्र कित्येक विक्रेते खोक्यात वस्तू तळाशी ठेवतात आणि वर हवेची एक उशी टाकतात. उशीमुळे वस्तू खोक्यात हलत नाही, एवढाच फायदा. तळाशी पुठ्ठ्याचे तेच २ मिलिमीटर.

ड्रोनमुळे हा हिशेब पुन्हा गाजू लागला. ॲमेझॉनचे ड्रोन अंगणात १२-१३ फुटांवरून पार्सल सोडून देतात. सुमारे ४ मीटर. २ सेंटिमीटरच्या अस्तरात ते २०० जी. रवांडात २०१६पासून झिपलाइन कंपनीचे ड्रोन रक्ताच्या पिशव्या छोट्या पॅराशूटने उतरवतात, म्हणजे तिथे थांबण्याचं अंतर वाढवण्याऐवजी पडण्याचा वेगच कमी केला जातो.

एक फार लांबचं पार्सलही एअरबॅगनेच पोहोचलं. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान चोवीस फुग्यांच्या गराड्यात मंगळावर ताशी ५० ते ६५ किलोमीटरच्या वेगाने आदळलं, पहिल्या उसळीत पंधरा मीटरच्या आसपास उडालं, आणि निदान पंधरा वेळा उसळून स्थिरावलं. त्या फुग्यांत भोक नव्हतं. कारण पार्सलचंच: पहिला टप्पा दगडावर पडेल की उतारावर हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि दुसऱ्या टप्प्यालाही हवा हवीच होती. आत साडेदहा किलोची सोजर्नर गाडी होती. २०१२मध्ये मंगळावर उतरलेली क्युरिऑसिटी सुमारे ९०० किलोची. तिच्यासाठी पेलतील एवढे फुगे करणं परवडणारं नव्हतं, तेव्हा तिला रॉकेटच्या पाळण्यातून दोरांनी खाली सोडलं.

या दोन्ही जगांच्या मध्ये काही पेटंटं लोंबकळत आहेत. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी ग्रेग हार्ट यांच्यासह पडणाऱ्या फोनला एअरबॅग लावण्याची कल्पना नोंदवली. ती ऑगस्ट २०११मध्ये प्रसिद्ध झाली. तर्क चांगला आहे. मोकळेपणाने पडणाऱ्या वस्तूतला सेन्सर शून्य दाखवतो, म्हणजे पडतोय हे आदळण्याआधीच कळतं, आणि एक मीटर पडायला तब्बल ४५० मिलिसेकंद मिळतात. गाडीच्या एअरबॅगला हे ऐकून हेवा वाटेल. तरी तसा फोन काही बाजारात आला नाही, आणि मला यात आश्चर्य वाटत नाही. दोनशे रुपयांचं रबरी कव्हर तेच अंतर देतं आणि हजार वेळा पडलं तरी पुन्हा तयार असतं.

याउलट पार्सल पोहोचवणाऱ्या गाडीला एअरबॅग लावण्याची कल्पना मात्र प्रत्यक्षात उतरली, तीही बाहेरून. कॅलिफोर्नियाच्या न्यूरो कंपनीने जानेवारी २०२२मध्ये दाखवलेल्या चालकविरहित गाडीत माणूस बसतच नाही. आत फक्त किराणा. वाचवायचं कुणाला, तर रस्त्यावरून चालणाऱ्याला. म्हणून पिशवी पुढच्या बाजूला बाहेर. ही अडचण आतल्या एअरबॅगपेक्षा कठीण आहे. धडक लागल्यावर पादचाऱ्यासाठी वेळ उरत नाही, त्यामुळे कॅमेरे आणि रडार यांनी आदळण्याआधीच निर्णय द्यायला हवा, आणि चुकून उघडलेली पिशवी भर रस्त्यात गाडीचं तोंड झाकून टाकेल. न्यूरोने पुढे २०२३मध्ये या गाडीचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन लांबणीवर टाकलं.

पादचाऱ्याच्या बाबतीत उसळीचा प्रश्नही जास्त गंभीर होतो, कारण गाडीवरून फेकला गेलेला माणूस दुसऱ्यांदा डांबरावर आपटतो. गूगलला २०१६मध्ये यावर एक पेटंट मिळालं आहे: बॉनेटवर चिकट थर, धडक बसलेला माणूस त्यालाच चिकटून राहील आणि गाडी थांबेपर्यंत तिच्याबरोबर जाईल. वाटेतली धूळ आणि चिलटं चिकटू नयेत म्हणून त्यावर अंड्याच्या टरफलासारखा पातळ पापुद्रा सुचवला आहे, जो माणूस आदळला तरच तडकतो.